तीन मुकुट, अकरा थेंब

जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीच्या काठावरचं कोलोन शहर. ही त्याची ढाल. वरच्या लाल पट्ट्यावर तीन सोनेरी मुकुट, खाली पांढऱ्यावर अकरा काळे थेंब. या ढालीवर ज्यांच्या खुणा आहेत, त्यांतलं मूळचं कोलोनचं कुणीच नाही. सगळे बाहेरगावचे पाहुणे.

मुकुट आहेत तीन राजांचे. तान्ह्या येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आले, ते हे राजे. त्यांच्या मानल्या गेलेल्या अस्थी इटलीतल्या मिलानमध्ये होत्या. 1162 साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मिलानचा पाडाव केला आणि 1164 मध्ये कोलोनचे मुख्य धर्मगुरू, आर्चबिशप रायनाल्ड फॉन डासेल त्या अस्थी कोलोनला घेऊन आले. होती ती लूटच. पण गावाने ती देवघरात ठेवावी तशी जपली.

आता या अस्थी ठेवलेली ही मंजूषा जवळून पाहा. वेर्दूंच्या निकोलस या सोनाराने 1190 च्या सुमारास काम हाती घेतलं, ते तीसेक वर्षं चाललं. आत लाकूड, वरून सोन्याचांदीचा पत्रा. लांबी 2 मीटर 20 सेंटिमीटर. खाली दोन पेट्या शेजारी-शेजारी, त्यांच्यावर तिसरी. बाजूवरच्या या संदेष्ट्याच्या मूर्तीच्या अंगावरच्या वस्त्राची चुणी न् चुणी बघा. धातू आहे हे विसरायला होतं. आणि पुढच्या बाजूला तीन राजांच्या मागे हा चौथा कोण? जर्मन राजा ओटो चौथा. या बाजूचं सोनं त्याने दिलं आणि दर्शनाच्या रांगेत स्वतःही उभा राहिला.

यात्रेकरूंची रीघ लागली. जुनं चर्च अपुरं पडू लागलं. 1248 मध्ये नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला, कळस चढला 1880 मध्ये. उंची 157 मीटर.

मधल्या काळात, 1288 साली, वोरिंगेनच्या लढाईत कोलोनचे नागरिक आपल्याच आर्चबिशपाविरुद्ध लढले आणि जिंकले. अस्थी आणल्या आर्चबिशपाने, मुकुट मिरवले नागरिकांच्या ढालीने.

थेंब आले सोळाव्या शतकात. कुणी त्यांना अश्रू म्हणतं, कुणी ज्वाला. खरं तर त्या शेपट्या आहेत. हिवाळ्यात पांढरा होणारा मुंगसासारखा एक लहानसा प्राणी असतो, त्याच्या शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं. ही खूण ब्रिटनीची, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या एका प्रदेशाची, आणि संत उर्सुला तिथलीच राजकन्या. ती रोमची यात्रा करून परतत असताना हूणांनी तिला सख्यांसह कोलोनपाशी मारलं, अशी आख्यायिका. सख्या अकरा, पुढे सांगता सांगता अकरा हजार झाल्या. 1106 मध्ये शहराची हद्द वाढवताना रोमन काळातली दफनभूमी लागली, ढिगाने हाडं निघाली, आणि लोकांना अकरा हजारांची खात्रीच पटली.

ही कोलोनमधल्या संत उर्सुलाच्या चर्चमधली सोनेरी खोली. भिंतीवरची नक्षी नीट पाहा. ती हाडांची आहे. हाडांनीच लॅटिन अक्षरं लिहिली आहेत.

ताप चढला की आपल्याकडे कपाळावर ओडिकोलनची पट्टी ठेवायचे ना? ते पाणी इथलंच. करणारा फारिना, तोही इटलीहून आलेला.

मे 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनच्या हजारावर विमानांनी एका रात्रीत शहर भाजून काढलं. कॅथेड्रल उभं राहिलं.

6 जानेवारी, तीन राजांचा सण. मंजूषेचा पुढचा पत्रा काढलाय. सोनेरी जाळीमागे तीन कवट्या. तिन्हींवर मुकुट.