अभ्रकाचे पापुद्रे आणि पंचधातूची तोफ

मित्रहो, मावळ्यांच्या आणि तोफांच्या छोट्या प्रतिकृती आपण मेटॅलिक, म्हणजे धातूसारख्या चमकणाऱ्या रंगांनी रंगवतो. त्यातली चंदेरी रंगाची बाटली काही दिवस न हलवता ठेवा आणि उजेडात धरून बघा. वर गढूळ पाणी, तळाशी घट्ट गाळ. लाल-निळ्या बाटल्यांतही गाळ बसतो, पण इतक्या लवकर नाही. असं का होतं ते समजून घेऊ, कारण रंग पातळ किती करायचा, कशाने करायचा आणि लावायचा कसा, या तिन्हींची उत्तरं त्या गाळात आहेत.

साध्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याचा कण साधारण पाव मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेटॅलिक रंगात कण नसतात, पापुद्रे असतात. काही रंगांत अॅल्युमिनियमचे, बऱ्याच रंगांत अभ्रकाचे. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा आयर्न ऑक्साइडचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. मोतिया, सोनेरी की तांबूस हे तो मुलामा कशाचा आणि किती जाड यावर ठरतं. असा पापुद्रा 10 ते 60 मायक्रॉन रुंद असू शकतो, म्हणजे पांढऱ्या कणाच्या निदान चाळीसपट. एवढा मोठा आणि जड ऐवज पातळ द्रवात तरंगत राहणार नाही, तो तळ गाठणारच. म्हणून बाटली दोन मिनिटं जोरात हलवा. आत स्टीलचे एक-दोन छर्रे टाकले तर काम सोपं होतं, मात्र ते न गंजणारे हवेत.

चमक येते ती हे पापुद्रे आडवे पडले तरच. पावसाने भिजलेल्या अंगणात पिंपळाची पानं जमिनीला सपाट चिकटतात, तसे ते पृष्ठभागावर निजले पाहिजेत. रंग वाळताना त्याचा थर आक्रसतो आणि तोच त्यांना खाली दाबून सपाट करतो. हे काम रंग स्वतः करतो, आपण फक्त आड यायचं नाही. अर्धवट वाळलेल्या चंदेरीवरून पुन्हा ब्रश फिरवला की निजलेले पापुद्रे उभे होतात आणि पृष्ठभाग खरबरीत, राखाडी दिसतो. एकदा ओढलेली रेघ पूर्ण वाळेपर्यंत तिला हात लावू नका. खालची जागा दिसत असली तरी थांबा. रंगाचा दुसरा हात ती झाकेल, तिसरा तर नक्कीच झाकेल.

आता पातळ करण्याचं. इतर अॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगांची सवय असलेला माणूस सरळ पाणी घालतो. पाण्याने रंग पातळ होतो, तसा पापुद्र्यांना धरून ठेवणारा चिकट भागही विरळ होतो. मग पापुद्रे वाहतात, चिलखताच्या खाचांत आणि कडांना जाऊन साचतात, आणि मधला उंचवटा उघडा पडतो. याला आपण रंग फुटला असं म्हणतो. म्हणून मेटॅलिक पातळ करायचा तो अॅक्रिलिक मीडियमने. मीडियम म्हणजे रंगद्रव्य नसलेला रंगच. दोन थेंब रंगाला एक थेंब मीडियम इथून सुरुवात करा, आणि पाणी फक्त ओल्या ब्रशच्या टोकावर येईल तेवढंच. अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून पाहा: ती सलग राहिली, तिच्या मधोमध भेग पडली नाही, की मिश्रण जमलं.

पाण्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच आहे. मराठवाड्यात बऱ्याच घरांत बोअरचं जड पाणी येतं. ज्या क्षाराने हंड्याला पांढरा थर चढतो, तोच वाळलेल्या चंदेरीवर पांढुरकी झाक सोडतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही गॅरेजजवळच्या दुकानात मिळतं, एक बाटली महिनोन्महिने पुरते. रंगकामाला तेच वापरा.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा थेंब पॅलेटवरून प्रतिकृतीपर्यंत पोचेतो त्याच्यावर साय धरते. ब्रशवरच वाळू लागलेला मेटॅलिक कधीच सपाट बसत नाही. रिटार्डरचा, म्हणजे रंग सावकाश वाळू देणाऱ्या द्रवाचा, एखादा थेंब मिसळा, कूलरचा झोत टेबलावरून बाजूला वळवा, आणि जमलं तर पहाटे बसा. उन्हाळ्यात ओल्या पॅलेटचा, म्हणजे ओल्या स्पंजावर कागद पसरून त्यावर रंग काढण्याचा, मोह होतो, पण तिथला ओलावा रंगात झिरपत राहतो आणि पापुद्रे सुटे होतात. मेटॅलिकसाठी पांढऱ्या चकचकीत टाइलचा तुकडा बरा. एका वेळी दोनच थेंब काढा.

लावण्याआधी खालचा रंग ठरवा. इथे आपल्याकडच्या कारागिरीकडे पाहायला मी सांगेन. बिदरीची सुरई बघितली असेल. बीदर 1956 पर्यंत आपल्यासोबत एकाच हैदराबाद राज्यात होतं, आणि संभाजीनगरातही हे काम होतं. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात कोरून बसवलेली चांदी, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने काळा केलेला सगळा पृष्ठभाग. लेप जस्ताला काळं करतो, चांदीला नाही. ती चांदी आहे त्याहून उजळ वाटते, कारण शेजारी काळं आहे. मावळ्याच्या तलवारीला हाच न्याय लावा. आधी काळा थर, त्यावर चंदेरी, आणि पात्याच्या मुळाशी काळ्याची बारीक रेघ शिल्लक ठेवा. सोनेरीखाली मात्र काळा घालू नका. सोनेरी रंग बहुधा पारदर्शक असतो आणि काळ्यावर हिरवट, मळका दिसतो. त्याच्याखाली गेरूसारखा तपकिरी द्या.

तोफा रंगवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी असं मला मनापासून वाटतं. दौलताबादची मेंढा तोफ पंचधातूची आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान होती. 1549 साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला गेली. तिचा पृष्ठभाग गडद हिरवट आणि तकतकीत आहे. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांवर मात्र अशा तोफा सरसकट सोनेरी किंवा नुसत्या काळ्या असतात. ओतीव कांस्याची तोफ गडद तपकिरीवर जुन्या पितळेचा पातळ हात देऊन रंगवा, तो वाळला की तपकिरी-हिरवट वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, खाचांत सोडा, आणि जिथे माणसांचे हात लागत असतील तिथेच, म्हणजे कडांवर आणि मुंडक्याच्या शिंगांवर, कोरड्या ब्रशने उजळ पितळ टेकवा. घडीव लोखंडाच्या तोफेला यातलं काहीच लागत नाही, तिला काळपट तपकिरी आणि चंदेरीची पुसट झाक पुरते. दोन तोफा शेजारी ठेवल्या तर बघणाऱ्याला धातू वेगळे ओळखता आले पाहिजेत. इतिहासाचा तेवढा मान आपण ठेवू शकतो.

मेटॅलिकसाठी ब्रश वेगळा आणि पाण्याचा पेलाही वेगळा. पापुद्रे पेल्यातल्या पाण्यात मिसळतात आणि पुढच्या रंगात उतरतात. मग चेहऱ्याच्या गव्हाळ रंगात चमचम दिसते, ती काढता येत नाही. वार्निशचंही तसंच. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, वार्निशमधली बारीक भुकटी प्रकाश चहूकडे विखुरते आणि तुमची सगळी मेहनत राखाडी करून टाकते. धातूच्या भागावर ग्लॉस (चकचकीत) किंवा सॅटिन (मंद चमकीचं) लावा, मॅट फक्त कापड आणि कातडीला.

व्हॅलेहो कंपनीचा लिक्विड गोल्ड हा रंग ज्यांनी मागवला आहे त्यांनी आत्ताच सांगितलेलं मीडियम आणि पाणी दोन्ही विसरावं. तो अल्कोहोलवर बनतो. पातळ करायला आणि ब्रश धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलच लागतं, पाणी लागलं की गुठळ्या होतात. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातल्या समईपासून दूर बसा.

एकाने मघाशी विचारलं की तालुक्याच्या गावी हे रंग मिळत नाहीत, तर हार्डवेअरच्या दुकानातला गेटचा चंदेरी चालेल का? बोटभर मावळ्यावर नको. तो तेलाचा, त्याचे पापुद्रे भरड, आणि एका हातात नाक-डोळे बुजतात. हातभर तोफेच्या नळीवर टर्पेंटाइनने पातळ करून चालेल. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातले कापडावरचे मेटॅलिक रंग घ्या. ते अॅक्रिलिकच असतात, फक्त दाट. त्यांना मीडियम जरा जास्त लागतं, समान भागाने सुरुवात करा. पर्ल (मोतिया) लिहिलेली बाटली घेतलीत तर ती जवळजवळ पारदर्शक निघेल, म्हणून खाली राखाडी किंवा तपकिरी थर दिल्याशिवाय ती वापरू नका.