सँगरबाई, सेन्जी आणि ओसाकाचं पार्सल

मार्च १९२२. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली ‘तायो मारू’ ही आगबोट योकोहामाला लागली. वॉशिंग्टनची नौदल परिषद आटोपून परतणारं जपानी शिष्टमंडळ तिच्यावर होतं, आणि अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ चालवणाऱ्या मार्गारेट सँगरही होत्या. ‘कायझो’ मासिकानं त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं होतं. आदल्या वर्षी याच मासिकानं बर्ट्रांड रसेलना आणलं होतं आणि १९२२च्या अखेरीस आइनस्टाइन यायचे होते. पण जपानी वकिलातीनं सँगरबाईंना व्हिसा नाकारला. बाईंनी चीनचा व्हिसा काढला आणि योकोहामामार्गे जाणारी हीच बोट धरली. प्रवासात शिष्टमंडळातल्या बड्या लोकांना आपलं म्हणणं पटवलं. त्यांनी शब्द टाकला, तेव्हा कुठे उतरायची परवानगी मिळाली. अट अशी, की संततिनियमनावर जाहीर सभेत बोलायचं नाही. सामानातल्या पुस्तिका जप्त झाल्या.

मग टोकियोत वायएमसीएच्या सभागृहात त्या बोलल्या ते ‘युद्ध आणि लोकसंख्या’ या विषयावर. खरा विषय खासगी बैठकांत, डॉक्टरांपुढे मांडला. पण सरकारनं अडवलं म्हटल्यावर वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं. ज्या विषयाचा उच्चार नको होता, तो त्या महिन्यात घरोघरी पोचला.

हे पाश्चात्त्य खूळ आहे, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यांनाही असलं बरंच ऐकावं लागलं. पण जपानमध्ये गर्भपाताला शिक्षा देणारी १८८०ची दंडसंहिता कुणाच्या हातची? तिचा पहिला मसुदा बोइसोनाद या फ्रेंच कायदेपंडिताचा. म्हणजे मनाईही परदेशी नमुन्यावरच बेतलेली होती. परकेपणाचा आक्षेप मात्र फक्त बायकांची सुटका करणाऱ्या विचारावर घेतला गेला. मला हा अन्याय वाटतो.

आणि सँगरबाईंनी रान पेटवलं असं म्हणताना, ते आधीच किती वाळलेलं होतं हे आपण विसरतो. शिझुए इशिमोतो ही सरदार घराण्यात दिलेली मुलगी. नवरा खाणीचा इंजिनिअर, म्हणून लग्नानंतर ती क्यूशूतल्या मिइके कोळसाखाणीपाशी राहायला गेली. तिथे गरोदर बायका भुयारात उतरून कोळसा ओढत होत्या. अंगावर जेमतेम कपडा, घरी पोरांचं लेंढार, आणि दिवस भरेपर्यंत कामाला सुट्टी नाही. हे बघून ती १९१९ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि पुढच्या वर्षी सँगरबाईंना भेटली. प्रश्न ती घरून घेऊन गेली होती. तिथे तिला उपाय सापडला, आणि हे उघड बोलायचं धैर्यही.

दुसरा माणूस यामामोतो सेन्जी. जीवशास्त्रज्ञ, क्योतोचा. तरुणपणी कॅनडात माळीकाम केलेलं, त्यामुळे इंग्रजी चांगलं. क्योतोत सँगरबाई डॉक्टरांसमोर बोलल्या तेव्हा दुभाषी तोच होता. बंदी आलेल्या पुस्तिकेचा त्यानं जपानी अनुवाद केला आणि सेन्सॉरला चकवण्यासाठी शीर्षकात ‘टीका’ हा शब्द घातला. पण अनुवादावर तो थांबला नाही. जपानी विद्यार्थ्यांच्या लैंगिक जीवनाची पाहणी केली, कामगार आणि कुळांच्या संघटनांत जाऊन माहिती सांगितली. अमेरिकेतून आलेलं ज्ञान मजुराच्या घरात पोचवलं ते या माणसानं. त्यापायी विद्यापीठातली जागा गेली. १९२८ मध्ये तो संसदेत निवडून आला, आणि ५ मार्च १९२९ रोजी टोकियोत एका उजव्या अतिरेक्यानं त्याला भोसकून मारलं. संततिनियमनाच्या इतिहासात सँगर हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. सेन्जीचं नाव जपानबाहेर फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी ते आज मुद्दाम घेतो आहे.

बाहेरून सगळं चांगलंच आलं, असंही नाही. ‘नालायकांची’ पैदास रोखा, असं सांगणारा सुप्रजननाचा विचार याच वाटेनं आला. खुद्द सँगरबाई तो मांडत आणि इशिमोतोबाईंनाही तो पटला होता. आईच्या इच्छेवर उभ्या राहिलेल्या चळवळीनं आईच्या इच्छेची पर्वा नसलेला हा विचार जवळ केला, हे मला तिचं सर्वांत मोठं अपयश वाटतं. जर्मनीच्या १९३३च्या कायद्याचा कित्ता गिरवत जपाननं १९४० मध्ये वंशसुधारणेचा कायदा केला. १९४८च्या नव्या कायद्यानं गर्भपाताची वाट मोकळी केली, पण त्याच कायद्याखाली हजारो अपंग आणि मनोरुग्णांची सक्तीनं नसबंदी झाली. तो बदलायला १९९६ साल उजाडावं लागलं.

प्रभाव एकाच दिशेनं वाहत नव्हता, हेही सांगायला हवं. ओसाकाच्या एका डॉक्टरनं अमेरिकेत १२० पेसऱ्यांचं, म्हणजे बायकांनी वापरायच्या गर्भनिरोधक टोप्यांचं, पार्सल पाठवलं. अमेरिकी कस्टमनं ते अडवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९३६ मध्ये निकाल लागला, की डॉक्टरांना अशी साधनं मागवायला कायद्याची आडकाठी नाही. ज्या देशानं सँगरबाईंच्या पुस्तिका जप्त केल्या होत्या, तिथल्याच मालानं त्यांच्या देशातल्या डॉक्टरांची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३७ मध्ये, टोकियोत इशिमोतोबाईंना अटक झाली आणि त्यांचं संततिनियमन केंद्र बंद पडलं. सरकारला चीनविरुद्धच्या युद्धासाठी पोरं हवी होती.