माझं अपेंडिक्स मला दाखवलं नाही

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उकाड्यात आलेली मंडळी, विषय आहे ‘रुग्ण ते डॉक्टर’. सांगायचंय ते लंडनच्या विल्यम लिटलबद्दल. पण आधी दोन मिनिटं माझ्या अपेंडिक्सची. (हशा)

मी अकरा वर्षांचा. तालुक्याला सर्जन नव्हता, म्हणून एसटीनं जिल्ह्याच्या गावी नेलं. दर खड्ड्याला मी ओरडायचो आणि आई कंडक्टरला ओरडायची. वॉर्डात गेलो आणि आठ दिवस माझं नावच गेलं. राउंडला सात-आठ जण यायचे, इंग्रजीत बोलायचे. मला शब्द कळायचा एकच, अपेंडिक्स. तो मीच. ‘अपेंडिक्सला आज पाणी द्या.’ मग अपेंडिक्स पाणी प्यायचं.

भूल उतरल्यावर सिस्टरना विचारलं, ‘काढलेलं कुठंय?’ त्या म्हणाल्या, ‘कशाला? लोणचं घालायचंय?’ सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो, आणि हसल्यावर टाके कसे ओढतात ते कळलं. पण अहो, माझंच होतं ना ते! पडलेला दातसुद्धा हातात देतात, छपरावर टाकायला. वडिलांना म्हटलं, डॉक्टरांना विचारा. वडील टोपी हातात घेऊन उभे राहिले ते तसेच परत आले. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या मामांनी करंगळी पुढं केली, ‘हे बघ, एवढं असतं. गांडुळासारखं.’ शरीरशास्त्राचा माझा पहिला तास तो.

कॉलेजात विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? मी सेवाभाव सांगितला. सगळेच सांगतात. खरं म्हणजे मला ते बघायचं होतं. आता मी सर्जन आहे, ऑपरेशन झालं की विचारतो, ‘बघायचंय?’ बहुतेक जण तोंड फिरवतात. एका आजींनी मात्र निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एवढ्याशासाठी एवढं बिल?’ (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

लिटल, जन्म १८१०. लहानपणी पोलिओनं पाऊल वाकडं झालं. त्यावर इलाज सापडेल म्हणून वैद्यक शिकला. टाचेमागची आखडलेली शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी, ती कापणं हा उपाय, पण तो धोक्याचा. फ्रान्समध्ये देल्पेकनं १८१६ला केला, जखम चिघळली, पुन्हा त्या वाटेला गेला नाही. जर्मनीत हानोव्हरला स्ट्रोमायरनं युक्ती काढली : कातडीला बारीकसं भोक, त्यातून पातं आत, शीर आतल्या आत कापायची. जखम उघडी नाही, म्हणून पू होण्याची भीती कमी. मग पाऊल यंत्रात घालून हळूहळू सरळ करायचं. १८३६मध्ये लिटल तिथं झोपला. ईथरची भूल यायला अजून दहा वर्षं होती, हे लक्षात घ्या!

बरा झाला आणि तीच विद्या शिकून घेतली. बर्लिनला प्रबंध दिला तो वाकड्या पावलावरच. १८३७ला लंडनमध्ये स्वतः हे ऑपरेशन केलं, पुढं अशा रुग्णांसाठी इस्पितळ काढलं. मुलांच्या सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातपाय नीट न हलण्याच्या, एका प्रकाराला ‘लिटल्स डिसीज’ म्हणतात, तो हाच लिटल. आणि आज वाकड्या पावलाच्या बाळाला पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलतात ना, त्यातही शेवटी बहुतेकांची तीच शीर तशीच बारीक छेदातून कापतात.

लिटलचं एक बरं होतं, आपला पाय त्याला रोज दिसत होता. माझं अपेंडिक्स मात्र... असो, अध्यक्ष उठलेच आहेत. चहा बाहेर आहे.