बीप वाजला, तरी दिवा मंदच

(दृश्य: रात्रीचा चिकोडी–निपाणी रस्ता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर. मागचे दिवे जेमतेम लालसर.)

ऊसतोड सुरू झाली की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. मागचा दिवा लागलेला असतो, पण तो लागून न लागल्यासारखा. चालक बल्ब बदलतो, काही फरक पडत नाही. मग वायर बदलतो, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. बल्ब चांगला, वायर अखंड, बॅटरी भरलेली. तरी दिवा मंद. हा दोष डोळ्यांनी सापडत नाही, तो मोजावा लागतो.

(दृश्य: बेळगाव, खानापूर रस्ता. पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप. टेबलावर मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम, अँपिअर मोजायचा मीटर), भोवती मुलं-मुली.)

आयटीआयला मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक असे ट्रेड घेतलेली ही मुलं. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड. मीटर सगळ्यांच्या हातात पहिल्याच आठवड्यात येतो, आणि सगळ्यांना सगळ्यात आधी आवडतं ते त्याचं बीप वाजणं. वायरीच्या दोन टोकांना मीटरच्या काड्या (टोकदार प्रोब) लावल्या, बीप वाजला, वायर ओके. गॅरेजमध्येही निम्मी तपासणी अशीच चालते. इथे मात्र शिकवण्याची सुरुवात या बीपवरचा विश्वास काढून घेण्यापासून होते.

प्लायवूडच्या एका फळीवर पूर्ण सर्किट मांडलंय: १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज बॉक्स, स्विच, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि ६०/५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब. फळीच्या मागे, मुलांना दिसणार नाही असा, १ ओहमचा २५ वॅटचा रेझिस्टर (करंट अडवणारा तुकडा) बल्बच्या वाटेत जोडून ठेवलाय. तो तापतो, म्हणून पत्र्याच्या पट्टीवर बसवलाय, टेपमध्ये गुंडाळलेला नाही. गंजलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) गाडीत जे करतो, तेच काम हा रेझिस्टर इथे करतो.

एक मुलगी बीप लावून वायर तपासते. बीप वाजतो. वाजणारच, कारण बहुतेक मीटर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजतात. त्यांना १ ओहम म्हणजे काहीच नाही. मग ती बल्ब काढून होल्डरवर व्होल्टेज बघते.

“किती दाखवालंय?”

“बारा पॉइंट चार, सर.”

“आता बल्ब बसव, स्विच चालू कर, आणि परत बघ.”

आकडा पावणेनऊवर येतो. साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च झाले.

बल्ब काढलेला असताना सर्किटमधून जातो तो फक्त मीटरचा स्वतःचा करंट. डिजिटल मीटरचा आतला रोध (करंटला होणारा अडथळा) साधारण १० मेगाओहम, म्हणजे १२ व्होल्टला सव्वा मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटला गंज, सैल लग, हिरवं पडलेलं तांबं यातलं काहीच अडवत नाही. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर मागतो, तेव्हा खरी अडचण उघड्यावर येते. म्हणून इथला पक्का नियम असा की दिवा लागलेला, हॉर्न वाजत असलेला किंवा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत असलेला असतानाच मोजायचं. करंट वाहत नसताना घेतलेलं माप फक्त वायर पूर्ण तुटली आहे का, एवढं सांगतं.

(दृश्य: मीटर जवळून. जॅक, नॉब, काड्या.)

मीटरविषयी थोडक्यात. काळी काडी कॉमन जॅकमध्ये. लाल काडी व्होल्ट-ओहमच्या जॅकमध्ये, आणि काम संपल्यावर ती तिथेच परत. अँपिअरचा जॅक वेगळा असतो. लाल काडी चुकून त्यात राहिली आणि कुणी ती बॅटरीच्या प्लस-मायनसला लावली, तर तो सरळ शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज उडतो. स्वस्तातल्या मीटरमध्ये त्या जॅकला फ्यूजच नसतो, तिथे काडी जळते आणि हातही भाजतो. नॉब डीसी २० व्होल्टवर. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर बरेच मीटर खोटं, जास्तीचं व्होल्टेज दाखवतात. पडद्यावर बॅटरीची खूण आली की त्या आकड्यावर निदान करायचं नाही. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी उतरवून ठेवायचं. बॅटरी सोडवताना मायनस पहिल्यांदा, जोडताना मायनस शेवटी.

बॅटरी तपासणं सोपं आहे, फक्त घाई नको. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगलेला दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचा, थोडा वेळ थांबायचं, मग बघायचं. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. नव्या काही गाड्यांत इसीयू (गाडीचा संगणक) चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे थोडा वेळ बघत राहावं लागतं, एकदा १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) खोलायला घेऊ नये.

(दृश्य: आवारातला जुना ट्रॅक्टर. एक जण सीटवर, दोघं बॉनेटपाशी.)

आता सेल्फ. हा धडा सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि घ्यावाच. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा नॉब बाहेर खेचलेला. म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. एकाने सेल्फ मारायचा, दहा सेकंदांच्या वर नाही. दुसऱ्याने मीटर बघायचा. मग अर्धा-एक मिनिट विश्रांती, नाहीतर मोटर तापते.

पहिलं माप बॅटरीच्या पोस्टवर. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. दुसरं माप लाल काडी बॅटरीच्या प्लस पोस्टवर, काळी सेल्फच्या बोल्टवर. इथे मुलं थबकतात. दोन्ही काड्या प्लसला? हो, दोन्ही प्लसला. मीटर दोन टोकांमधला फरकच दाखवतो, आणि एकाच केबलच्या दोन टोकांत फरक दिसला म्हणजे तेवढे व्होल्ट त्या केबलने खाल्ले. आकडा मायनसमध्ये आला तर काड्या उलट्या आहेत एवढंच. किती आहे ते बघायचं. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. तिसरं माप सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनस पोस्टपर्यंत. तिथे ०.२ च्या वर नको.

काडी पोस्टवर लावायची, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, कारण पोस्ट आणि क्लॅम्प यांच्या मधली पांढरी बुरशी हाच बऱ्याचदा आजार असतो. पोस्टवर एकदा आणि क्लॅम्पवर एकदा मोजलं की तो लगेच पकडता येतो. मग गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घेऊन साफ करायचं, पुसायचं, घट्ट करायचं, वरून पेट्रोलियम जेली.

हेच ओहमवर का मोजू नये? समजा इंजिनच्या अर्थ पट्टीत (इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडणाऱ्या पट्टीत) ५ मिलीओहमचा रोध शिरलाय. वर्गातला कुठलाही मीटर तो दाखवू शकत नाही. मीटरच्या काड्यांचाच रोध त्याच्या कैक पटींनी जास्त असतो. पण सेल्फ २०० अँपिअर ओढतो, तेव्हा त्याच ५ मिलीओहमवर पूर्ण १ व्होल्ट पडतो. गाडी थंडीत कण्हत फिरते, मालक नवी बॅटरी घालतो आणि पट्टी तशीच राहते. न बिघडलेली बॅटरी बदलायला लावणं म्हणजे शेतकऱ्याचे काही हजार रुपये वाया घालवणं, हे मुलांना पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं.

(दृश्य: ट्रॉलीचा मागचा दिवा, काच काढलेली.)

आणि आता ती ट्रॉली. ब्रेक दाबून धरलेला, २१ वॅटचा स्टॉप लाइट लागलेला, मंद. तीन मापं घ्यायची आणि ती वहीत लिहायची. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या मधल्या टोकापर्यंत: ०.४. बल्बच्या मधल्या टोकापासून त्याच्या पितळी अंगापर्यंत: ७.३. त्या अंगापासून ट्रॅक्टरच्या बॅटरी मायनसपर्यंत: ४.८. बेरीज साडेबारा, म्हणजे बॅटरीवर जेवढे आहेत तेवढे. बेरीज जुळली नाही तर माप चुकलंय, परत घ्यायचं.

दोष प्लसच्या वायरीत नाही. करंट ट्रॉलीत जातो, पण परत येताना अडतो. अशा ट्रॉलीत अर्थ ओढणीच्या (ट्रॉली जोडायच्या दांड्याच्या) पिनेतून, म्हणजे गंज आणि ग्रीस यांतून, ट्रॅक्टरकडे येत असतो. चालताना पिन हलते, दिवा फडफडतो. बल्बला व्होल्टेज साठ टक्क्यांवर आलं की प्रकाश साठ टक्के राहत नाही. तो पाचव्या हिश्श्याखाली जातो. आणखी एक ठळक लक्षण असतं: इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर टेल लाइटही उघडझाप करतो. परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या बल्बातून पळवाट काढतो. हे दिसलं की मीटर काढायच्या आधीच नजर अर्थकडे गेली पाहिजे.

उपाय म्हणजे ट्रॉलीला स्वतःची अर्थ वायर. सात पिनांच्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन, जिच्यापाशी ३१ असा आकडा असतो, ती अर्थची. तिथून थेट मागच्या दिव्यांपर्यंत वायर न्यायची. किती जाड? सगळे दिवे एकदम लागले तर या एकाच वायरीतून साधारण ६ अँपिअर परत येतात. १ चौरस मिलिमीटरची ६ मीटर वायर टाकली तर तिचा रोध ०.११ ओहमच्या आसपास, म्हणजे पाऊण व्होल्टच्या जवळ तिथेच गेले. २.५ ची टाकली तर पाव व्होल्ट. म्हणून २.५. चासीवर जिथे लग बसतो तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा. लगखाली रंग राहिला तर सगळी मेहनत फुकट. दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून ग्रीस. मग ब्रेक दाबून तेच तिसरं माप पुन्हा घ्यायचं, आणि वहीत ४.८ च्या शेजारी नवा आकडा लिहायचा.

(दृश्य: कपलर जवळून, आत हिरवट पिना.)

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. तिथला पाऊस कपलरमध्ये शिरतो आणि पिना हिरव्या पडतात. यात मेस्त्रीचाही हात असतो: काडीचं टोक वायरीच्या प्लास्टिकमध्ये खुपसून तपासायची सवय. ते भोक दिसत नाही, पण पावसाळ्यात त्यातून पाणी ओढलं जातं आणि आतलं तांबं इंचभर काळं पडतं. काडीला बारीक पिन लावून कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत घालायची. समोरून, मादी पिनेत जाड काडी कोंबली तर पिन फाकते आणि मग तिथे कायमचा लूज कॉन्टॅक्ट.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आल्यावर साध्या गाडीतही सेन्सर वाढले. त्यांच्या वायरींना ५ व्होल्ट असतात आणि करंट अगदी नगण्य. तिथे बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला तर इसीयूला इजा होऊ शकते; तिथे मीटरच. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र मीटरही लावायचा नाही, ओहमवर तर मुळीच नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल या वर्गाच्या कामात येत नाहीत. त्याचं प्रशिक्षण आणि हातमोजे वेगळे.

फ्यूज उपसून बघायची गरज नाही. पातीच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. दोन्हींवर १२ व्होल्ट असले तर फ्यूज ठीक, एकावरच असले तर उडालाय. उडालेल्या १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा बसवणं या शेडमध्ये सक्त मना आहे, कारण त्यानंतर फ्यूजऐवजी वायर जळते.

(दृश्य: परीक्षा. झाकलेली फळी, समोर एक विद्यार्थी.)

परीक्षेत शिक्षक दोष आधीच पेरून ठेवतात. कधी अर्थच्या लगखाली रंग लावलेला वॉशर. कधी काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचा रिले: ८५-८६ नंबरच्या पिनांमध्ये कॉइल व्यवस्थित, टकटक ऐकू येते, पण ३० आणि ८७ या पिनांमध्ये दिवा लागलेला असताना दीड व्होल्ट पडतो. आवाज ऐकून रिले पास करणारा इथे नापास होतो. वेळ वीस मिनिटं. स्पॅनर हातात मिळतो तो वहीत प्लसची बाजू, लोड (म्हणजे बल्ब) आणि अर्थची बाजू असे तीन आकडे लिहिल्यावर, बेरीज जुळवल्यावर. दोष सापडला पण आकडे लिहिले नाहीत, तर निम्मेच गुण.