शेजारच्या पिंजऱ्यातली ढास

(सकाळ. कुत्र्यांच्या शेल्टरमधली पिंजऱ्यांची लांब ओळ. आधी फक्त आवाज.)

कोरडी ढास. मग ओकारी आल्यासारखी उबळ, आणि फरशीवर थोडा पांढरा फेस. नवखा माणूस म्हणतो, घशात हाड अडकलंय. शेल्टरमधला जुना माणूस काही बोलत नाही. तो शेजारच्या पिंजऱ्याकडे बघतो.

याला ‘केनेल कफ’ म्हणतात. नाव एक, आत बिऱ्हाडं अनेक. पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनोव्हायरस, फ्लू, कधी डिस्टेंपर असे विषाणू. सोबतीला बोर्डेटेला हा जिवाणू. नुसत्या खोकल्यावरून कोणता ते सांगता येत नाही.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या केंद्रात लस टोचलेली कुत्रीही खोकत होती. २००३ साली त्यामागचा एक गुन्हेगार सापडला: नवा कोरोनाव्हायरस. आपल्याला घरात बसवणारा तो नव्हे. याचं जवळचं नातं गुरांच्या कोरोनाव्हायरसशी. केंद्रात आलेल्या दिवशी साधारण तीस टक्के कुत्र्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं होती. तीन आठवड्यांनी जवळजवळ सगळ्यांच्या. म्हणजे आत आलेलं कुत्रं त्याच्या तावडीतून सुटतच नव्हतं.

(पाण्याचं भांडं. ओला ॲप्रन. खुंटीवरचा पट्टा.)

शिंकेचे तुषार जाळीतून पलीकडे जातातच. पण भांडं, पट्टा, माणसाचे हातही तेच काम करतात. म्हणून झाडलोट धडधाकट कुत्र्यांपासून सुरू होते आणि आजारी कुत्र्यांपाशी संपते. उलट केलं, तर झाडूच रोग वाटत फिरतो.

२०१५ मध्ये शिकागोत हजाराहून जास्त कुत्री फ्लूने आजारी पडली. विषाणू एच३एन२, मूळचा पक्ष्यांचा, आशियातल्या कुत्र्यांमध्ये आधीच रुळलेला. याची खोडी अशी, की ढास लागण्याआधीच कुत्रं तो पसरवू लागतं, आणि बरं दिसू लागल्यावरही पसरवत राहतं. म्हणून एकवीस दिवस वेगळं ठेवायचं. गच्च भरलेल्या शेल्टरला हे सांगणं सोपं. जागा आणायची कुठून? तरी रोज नवं कुत्रं आत येत राहिलं, तर विषाणूला रोज नवं घर मिळतं. औषधांपेक्षा दारावरची शिस्त इथे जास्त कामाची.

(गेट. गाडी थांबते.)

मागच्या सीटवर एक तांबूस कुत्री. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, खोकला नाही. लस लगेच टोचली जाते. ओळीत एक पिंजरा रिकामा आहे, पण तिला तिकडे नेत नाहीत. मागच्या खोलीचं दार उघडतं. भांडं वेगळं, पट्टा वेगळा. भिंतीवरच्या पाटीवर खडूने आजची तारीख पडते.