म्युनिकनंतरचे अकरा महिने

श्रोतेहो, २७ सप्टेंबर १९३८ रोजी रात्री ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन बीबीसीवरून आपल्या जनतेशी बोलले. ज्यांच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही अशा परमुलखातील लोकांच्या भांडणापायी आपण खंदक खणावेत आणि विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे चढवून पाहावेत, हे किती भयंकर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तीनच दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांच्यातील म्युनिक करारावर सह्या झाल्या आणि चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन सरहद्दीलगतचा सुदेतन प्रदेश हिटलरच्या पदरात पडला. ज्यांचा मुलूख जात होता, त्या चेक प्रतिनिधींना वाटाघाटींच्या दालनात प्रवेशही नव्हता.

चेंबरलेन यांना भित्रे ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या देशाला पुन्हा युद्ध नको होते, हवाई दलात स्पिटफायर विमाने नुकतीच येऊ लागली होती आणि रडार केंद्रांची साखळी अपुरी होती. करारानंतरच्या अकरा महिन्यांत ही तयारी बरीच पुढे गेली आणि १९४० मध्ये तिनेच ब्रिटनला तारले, हे मान्य करावेच लागते.

परंतु तेच महिने जर्मनीलाही मिळाले, आणि अनुनयाची, म्हणजे मागण्या मान्य करून युद्ध टाळण्याच्या धोरणाची, बाजू मांडणाऱ्यांकडून नेमकी हीच गोष्ट निसटते. सुदेतनबरोबर चेकांची सरहद्दीवरील भक्कम तटबंदी गेली. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, तेव्हा पिल्झेनचा स्कोडा शस्त्रकारखाना आणि शेकडो रणगाडे त्याच्या हाती लागले. मे १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेल फ्रान्सवर चालून गेला, तो चेक बनावटीचे रणगाडे घेऊनच.

त्याहून मोठी हानी ब्रिटनच्या शब्दाची झाली. ३१ मार्चला चेंबरलेन यांनी पोलंडला हमी दिली, म्हणजे अनुनय सोडून जरब बसवण्याचे धोरण धरले. पण जरब बसायची ती समोरच्याच्या मनात. आपले शत्रू क्षुद्र किडे आहेत, त्यांना आपण म्युनिकमध्ये पाहिले आहे, असे हिटलरने २२ ऑगस्टला आपल्या सेनापतींना सांगितले. शिवाय पोलंडला प्रत्यक्ष मदत पोहोचवायची तर सोव्हिएत रशियाची साथ हवी होती, आणि त्या वाटाघाटींसाठी ब्रिटन व फ्रान्सने आपली लष्करी शिष्टमंडळे धाडली, तीही संथ बोटीने! २३ ऑगस्टला रशियाने जर्मनीशीच अनाक्रमण करार केला. ३ सप्टेंबरला ब्रिटनने दिलेल्या शब्दाप्रमाणे युद्ध पुकारले, तेव्हा पोलंडवर हल्ला होऊन दोन दिवस उलटले होते.