इंटरफेरॉनची जनुके : शेजाऱ्याला दिलेली वर्दी

१९५७ साली लंडनजवळच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे उष्णतेने निकामी केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूसोबत द्रवात ठेवले. नंतर ते तुकडे काढून त्याच द्रवात ताजे तुकडे ठेवले आणि त्यांच्यावर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना. पेशींनीच द्रवात सोडलेला हा पदार्थ विषाणूच्या वाढीत व्यत्यय आणतो, म्हणून त्याचे नाव इंटरफेरॉन. मला या प्रयोगात मोलाची वाटते ती एक गोष्ट : ज्या पेशीला विषाणूची चाहूल लागली, तिने दिलेल्या वर्दीचा खरा लाभ शेजारणींना झाला.

ही वर्दी लिहिलेली आहे जनुकांत. मानवात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची जनुके नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांत अल्फा या उपप्रकाराची १३ आणि बीटा या उपप्रकाराचे अवघे एक. आपल्या बहुतेक जनुकांत मजकुराच्या मध्येमध्ये वगळण्याजोगे तुकडे असतात आणि ते छाटून उरलेला मजकूर जोडावा लागतो. अल्फा आणि बीटाच्या जनुकांत असे तुकडेच नाहीत. त्यामुळे घाईच्या वेळी एक पायरी वाचत असावी, हा तर्क मला पटतो. (बाराव्या गुणसूत्रावरील गॅमा या वेगळ्या प्रकारच्या इंटरफेरॉनचे जनुक मात्र या बाबतीत चारचौघांसारखेच आहे.)

एवढी तयारी असूनही बीटाचे जनुक एरवी जवळजवळ मूक असते. पेशीत विषाणूचा आरएनए (जनुकीय मजकूर वाहणारा रेणू) ओळखला गेला की तीन वेगवेगळ्या गटांची नियंत्रक प्रथिने या जनुकाच्या आरंभी, अगदी छोट्या जागेत, एकत्र येऊन बसतात, आणि मगच ते जोमाने बोलू लागते. बँकेतला लॉकर एका किल्लीने उघडत नाही, तसेच हे.

इतका बंदोबस्त कशासाठी, ते शेजारच्या पेशीत डोकावले की कळते. इंटरफेरॉन तिच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला (म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की शेकडो जनुके जागी होतात. त्यांतून बनणारी काही प्रथिने विषाणूचा सुगावा लागताच आरएनएज-एल नावाच्या विकराला कामाला लावतात, आणि तो विषाणूच्या आरएनएबरोबर पेशीच्या स्वतःच्या आरएनएचेही तुकडे करतो. पीकेआर हे दुसरे प्रथिन तर प्रथिननिर्मितीच थांबवते. थोडक्यात, चोर घरात टिकू नये म्हणून पेशी स्वतःची चूल विझवते. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांना ताप, अंगदुखी आणि कधी नैराश्यही का सोसावे लागले, ते यावरून ध्यानात येईल.

उलट बाजू २०२० मध्ये दिसली. कोविडने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी किमान १० टक्क्यांच्या रक्तात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. वर्दी निघत होती, पण ती वाटेतच अडवली जात होती. काहींच्या बाबतीत तर कोविड होण्यापूर्वी घेतलेल्या रक्तातही ही प्रतिपिंडे होती, आणि सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांत ती तरुणांपेक्षा अधिक आढळतात.